लेपित पटलाची विद्युतवाहकता
येथे ‘वाहकता’ म्हणजे गाळणपटलावरील पॉलिअ‍ॅनिलीनच्या लेपाची वाहकता होय, खालच्या विद्युतरोधक आधारपटलाची नव्हे. ती मोजताना एका रेषेत समान अंतरावर टेकवलेल्या चार सुयांपैकी बाहेरच्या दोन सुयांतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील विभवांतर टिपतात, त्यामुळे दोन सुयांच्या मापनात हमखास मिसळणारा स्पर्शबिंदूचा रोध हिशेबात येत नाही. पटल पुरेसे विस्तीर्ण आणि लेप पातळ असेल, तर विभवांतराला प्रवाहाने भागून ४.५३ने गुणले असता पृष्ठरोध मिळतो. पृष्ठरोध आणि लेपाची जाडी यांच्या गुणाकाराचा व्यस्तांक म्हणजे वाहकता. खरी अडचण जाडीचीच असते, कारण लेप छिद्रांतही शिरतो. म्हणून जाडी न नोंदवता दिलेल्या वाहकतेपेक्षा नुसता पृष्ठरोध अधिक विश्वसनीय मानावा.