रडार-चित्र आणि लक्ष्याचे अभिज्ञान : कासू परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

रडारची निर्मिती शत्रूचे विमान अथवा जहाज दूरवरून कळावे यासाठी झाली. ते कोणते आहे हे ओळखता यावे यासाठी नव्हे. १९४० च्या सुमारास ब्रिटनच्या किनाऱ्यावरील यंत्रांच्या पडद्यावर जी खूण उमटे, तिच्यावरून ‘काहीतरी येत आहे’ एवढेच निश्चित सांगता येई. ते स्वकीय की परकीय, एक की अनेक, हे ठरविण्याचे काम अन्य साधनांवर आणि बहुशः अनुभवी माणसांच्या तर्कावर सोपविलेले असे. रडारचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वाढत गेलेली शक्ती, आखूड होत गेलेली तरंगलांबी, सूक्ष्म होत गेलेले चित्र असा त्याचा क्रम मांडतात. तथापि संरक्षण-संशोधनाच्या दृष्टीने त्याच्या पोटात दुसरा एक इतिहास आहे, आणि तो अभिज्ञानाचा होय. अभिज्ञान म्हणजे पूर्वी ज्ञात असलेली वस्तू खुणेवरून पुन्हा ओळखणे. हा अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होऊनही ओळख का अडून राहते, याचा उलगडा होऊ लागतो.

हे विवेचन केवळ तत्त्वरूपाने केल्यास निरस होईल. म्हणून रायगड जिल्ह्यातील कासूचा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ व नागोठणे यांच्या दरम्यान, आणि पनवेल-रोहे लोहमार्गावर पेणनंतरचे स्थानक म्हणून हे गाव परिचित आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे ‘पनवेल ते कासू’ व ‘कासू ते इंदापूर’ असे भाग पाडले गेल्यामुळे अलीकडे त्याचे नाव वृत्तपत्रांतून वारंवार येत गेले. गावाच्या पूर्वेस डोंगर आहेत. पश्चिमेस अंबा नदीच्या खाडीकडे उतरत जाणारी सखल जमीन आहे. येथे समुद्र दृष्टीस पडत नाही, परंतु भरतीचे पाणी अंबेतून थेट नागोठण्यापर्यंत चढते. पूर्वी नागोठणे हे बंदर होते ते याच कारणाने. खाडीकाठची शेती खारबंदिस्तीच्या आधाराने उभी आहे. बांध, उघाड्या, भातखाचरे, खाजणे आणि कांदळवन यांची ही भूमी आहे. जमीन कोठे संपते व पाणी कोठे सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर येथे तिथीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते.

नेमका हाच प्रश्न रडार-चित्रणाच्या आरंभी उभा राहिला होता. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांच्या पोटाखाली बसविलेले ‘एच-टू-एस’ नावाचे रडार ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवरील हल्ल्यात प्रथम युद्धात वापरण्यात आले. सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीचे हे यंत्र खालच्या भूमीचे ओबडधोबड चित्र गोल पडद्यावर उमटवी. सपाट पाण्यावर पडलेली लहर आरशावरील प्रकाशाप्रमाणे पुढे निघून जाते, परत येत नाही. म्हणून पाणी काळे दिसे. इमारतींच्या भिंती व जमीन यांच्या कोनांतून लहर उलटून विमानाकडेच येई. म्हणून शहरे चमकत. हॅम्बुर्गला एल्ब नदीची रुंद मुखखाडी असल्याने ते ओळखणे त्यामानाने सोपे होते. बर्लिनची गोष्ट निराळी ठरली. अवाढव्य विस्तार आणि मोजकेच ठळक जलाशय यांमुळे पडद्यावर प्रकाशाचा एक मोठा डाग दिसे व त्यातील कोणता भाग कोणता हे उमगत नसे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ३ सेंटिमीटर तरंगलांबीचे यंत्र आणल्यावर स्थिती काहीशी सुधारली. दरम्यान, फेब्रुवारी १९४३ च्या आरंभीच रॉटरडॅमजवळ कोसळलेल्या एका विमानातून हे यंत्र जर्मनांच्या हाती पडले होते. तलावांवर धातूचे कोनीय परावर्तक तरंगत ठेवून, रडारच्या चित्रातील पाणी बुजविण्याचा उपाय त्यांनी अवलंबिला. यंत्र खोटे बोलत नव्हते; चमकणारी वस्तू तेथे खरोखरच होती. चुकणार होता तो वाचणारा.

या काळातील रडार-चित्र अस्पष्ट असण्याचे कारण भौतिक होते. रडारच्या झोताची कोनीय रुंदी स्थूलमानाने तरंगलांबी भागिले अँटेनाची लांबी एवढी असते. ३ सेंटिमीटरची लहर व १ मीटरची अँटेना घेतली, तर ५० किलोमीटर अंतरावर झोताची रुंदी दीड किलोमीटर भरते. अशा चित्रात कासूची वस्ती, स्थानक, महामार्ग आणि शेजारच्या वाड्या हे सर्व मिळून एकच ठिपका होईल. अँटेना शेकडो मीटर लांब करणे हाच यावर सरळ उपाय, आणि विमानावर तो अशक्य होता.

ही कोंडी १९५१ मध्ये अमेरिकेतील गुडइयर कंपनीचे अभियंते कार्ल वायली यांच्या एका कल्पनेने फुटली. विमान पुढे सरकत असताना झोताच्या पुढच्या भागातील वस्तूंच्या प्रतिध्वनीची वारंवारता किंचित वाढते, मागच्या भागातील वस्तूंची घटते. हा सूक्ष्म फरक मोजता आला, तर एकाच झोतातील वस्तू एकमेकींपासून विलग करता येतात. जणू विमानाने काटलेले सर्व अंतर हीच एक लांबच लांब अँटेना होते. मिशिगन विद्यापीठात लुई कट्रोना, एमेट लीथ आदींनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९५७ मध्ये चांगली चित्रे मिळविली. त्या वेळचे संगणक हे गणित करण्यास असमर्थ होते. म्हणून प्रतिध्वनी फिल्मवर नोंदवून, भिंगांच्या रांगेतून प्रकाश पाठवून, चित्र ‘धुऊन’ काढावे लागे. लीथ यांचे होलोग्राफीतील पुढील कार्य याच खटपटीतून निघाले, ही विज्ञानेतिहासातील एक आनंददायक आडवाट म्हणावी लागेल.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. डिसेंबर १९६४ मध्ये अमेरिकेने ‘क्विल’ हा रडार-चित्रण करणारा टेहळणी उपग्रह गुप्तपणे सोडला. त्याची हकीकत २०१२ मध्ये प्रकट करण्यात आली. १९७८ च्या ‘सीसॅट’ने ८०० किलोमीटर उंचीवरून सुमारे २५ मीटरपर्यंतचा तपशील दाखविला. याच उपग्रहाच्या अँटेनाचा साधा झोत भूमीवर १७ किलोमीटरहून अधिक रुंद पडला असता, हे ध्यानी घेतल्यास वायलींच्या कल्पनेचे मोल कळते. भारताच्या बाबतीत मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २० एप्रिल २००९ रोजी, इस्रायलच्या साहाय्याने सिद्ध झालेला ‘रिसॅट-२’ कक्षेत गेला. स्वदेशी रडार असलेला ‘रिसॅट-१’ २६ एप्रिल २०१२ रोजी गेला. त्याची तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर होती, आणि त्याच्या घोषित कार्यांत खरीप हंगामातील भातपिकाची पाहणी हे एक प्रमुख कार्य होते. सीमेवर पाळत ठेवण्यास उपयोगी पडणारी विद्या आणि भाताचे क्षेत्र मोजणारी विद्या एकच असावी, यात वस्तुतः नवल काही नाही. ढग दोघांच्याही आड येतात.

अशा चित्रात कासूचा परिसर कसा दिसावा? आषाढात, लावणीच्या सुमारास, पाणी भरलेली खाचरे काळी दिसतील. खाडीही काळी दिसेल. दोहोंमधील बांध तेवढा बारीक उजळ रेषेसारखा उरेल. भाताची रोपे वाढू लागली की लहर पाण्यावरून काडावर व काडावरून परत अशी दुहेरी उलटते, आणि तीच खाचरे महिन्याभरात उजळतात. डांबरी रस्ता काळी रेघ असतो. लोहमार्गाचे रूळ, विजेचे खांब व पत्र्याची छपरे उपग्रहाच्या मार्गाशी विशिष्ट कोनात असतील तर झळकतात, एरव्ही निस्तेज राहतात. पूर्वेकडील डोंगरांचे उतार उपग्रहाच्या बाजूस कलंडल्यासारखे दिसतात व त्यांच्यामागे छाया पडते. या छायेत काय आहे ते रडारला मुळीच कळत नाही. उधाणाच्या भरतीने एखाद्या बांधाला खांड पडून खारे पाणी आत शिरले, तर चित्रातील किनारा एका रात्रीत पुढे सरकेल. लावणीचे पाणी आणि फुटलेल्या बांधाचे पाणी यांत केवळ चित्रावरून भेद करणे अवघड आहे. तो भेद गावचा शेतकरी क्षणात करील, कारण कोणत्या खाचरात केव्हा पाणी असावयास हवे हे त्यास पूर्वीच ठाऊक असते.

लक्ष्याच्या अभिज्ञानाची सारी अडचण या ‘पूर्वीच ठाऊक असण्या’त आहे. महामार्गाच्या कडेला उभे असलेले एक अवजड वाहन घ्या. रस्त्याच्या कामावरचा डंपर, मालमोटार आणि सैनिकी वाहन यांची रडारमधील रूपे वाहन कोणत्या दिशेस तोंड करून उभे आहे, लहर किती तिरकी पडते व शेजारी काय आहे यांवर अवलंबून असतात. वाहन दहा अंशांनी वळले तरी त्यातील उजळ बिंदूंची मांडणी पालटते. म्हणून प्रत्येक वाहनाची, प्रत्येक कोनातली रूपे आधी साठवून ठेवावी लागतात. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘एमस्टार’ या प्रकल्पाखाली असा संग्रह करण्यात आला. रशियन बनावटीचे टी-७२ रणगाडे, चिलखती गाड्या इत्यादी प्रत्यक्ष उभ्या करून, सुमारे एक फूट तपशिलाने त्यांची चित्रे घेण्यात आली. त्यातील दहा प्रकारच्या लक्ष्यांचा संच पुढे जगभरच्या संशोधकांसाठी कसोटीचा दगड झाला. १७ अंशांच्या कोनातील चित्रांवर यंत्रास शिकवावयाचे आणि १५ अंशांच्या कोनातील चित्रांवर त्याची परीक्षा घ्यावयाची, अशी पद्धत रूढ झाली व ९९ टक्क्यांच्या आसपास यशाचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले.

या आकड्यांकडे पाहून हुरळून जाण्याचे कारण नव्हते. एकेक वाहन बहुधा ठराविक जागी उभे करून चित्रे घेतलेली असल्याने, त्याच्या भोवतालच्या जमिनीचा पोतही त्या वाहनाशी निगडित झाला होता. वाहन झाकून केवळ भोवतालची जमीन दाखविली तरीही यंत्र पुष्कळदा ‘बरोबर’ उत्तर देते, असे काही अभ्यासकांना आढळून आले. म्हणजे यंत्र रणगाड्याबरोबरच तेथील गवतही ओळखत होते. अलाबामातील कोरड्या माळावर शिकलेले असे यंत्र अंबेच्या काठच्या चिखलात, कांदळवनाच्या दुहेरी परावर्तनात काय करील, याचा अंदाज पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज बांधता येईल. शिकवण्याची आणि परीक्षेची भूमी एकच असता कामा नये, ही साधी अट पुष्कळ निबंधांत आजही पाळली जात नाही.

समुद्रावर हा प्रश्न आणखी बिकट होतो, आणि रायगडच्या किनाऱ्यास तो परका नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने दस्तकाची पद्धत चालविली. समोरचे गलबत कोणाचे हे शिडांवरून व बांधणीवरून काहीसे कळे, पण निर्णय दस्तक पाहून होई. पोर्तुगीजांचा कार्ताझ हाही त्याच जातीचा परवाना. महायुद्धातील ‘मित्र की शत्रू’ असे विचारणारी यंत्रणा आणि आजच्या जहाजांवरील स्वयंचलित ओळखयंत्र ही या दस्तकाचीच विद्युत् रूपे होत. आकृतीवरून ओळखणे आणि परवान्यावरून ओळखणे अशा दोन स्वतंत्र परंपरा येथे दिसतात. रडार-चित्रण पहिल्या परंपरेत मोडते.

पहिल्या परंपरेची मर्यादा २००८ मध्ये दारुण रीतीने उघड झाली. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरविली गेली होती, तेव्हा किनाऱ्यावर पाळत ठेवणारी रडारमालिका नव्हती. नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकाविली व तिच्यातून ते मुंबईजवळ आले. समजा, त्या वेळी अत्युत्तम रडार-चित्र उपलब्ध असते, तर त्यात काय दिसले असते? एक भारतीय मासेमारी नौका. आणि ते अभिज्ञान अगदी अचूक ठरले असते. पुढे तटरक्षक दलाच्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशभर ४६ ठिकाणी किनारी रडार व कॅमेरे बसविण्यात आले. त्यांपैकी पुष्कळ दीपगृहांवर आहेत. २० मीटरहून लांब नौकांवर ओळखयंत्र सक्तीचे झाले. त्याहून लहान होड्या बऱ्याच काळ या व्यवस्थेबाहेर राहिल्या, आणि कोकणातील बहुसंख्य होड्या लहानच आहेत.

चित्रणाच्या बाजूनेही प्रगती झाली आहे. विमान स्थिर मानून, लाटांवर डोलणाऱ्या जहाजाच्या स्वतःच्या हालचालीतूनच त्याची आकृती रेखाटण्याची युक्ती आता सागरी टेहळणीत रूढ झाली आहे. २०१३ पासून भारतीय नौदलात आलेल्या ‘पी-८आय’ विमानांवरील रडारमध्ये ती आहे. डोलकाठी, पूल, नाळ यांची उंची-लांबी त्यातून काढता येते व युद्धनौकांचे वर्ग सांगता येतात. मासेमारी नौकांचे मात्र वर्ग असे नाहीत. एकाच बंदरातील दोन नौकांत फरक असतो तो मालकाचा, रंगाचा आणि तांडेलाचा. यांपैकी एकही गोष्ट रडारला दिसत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास एक निर्मनुष्य नौका लागली व तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या. मस्कतजवळ सोडून दिलेली ती नौका वाहत आली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईसमोर रडारवर संशयास्पद नौकेची खूण उमटली. पोलीस, तटरक्षक दल व नौदल यांनी भर पावसाळ्यात शोध घेतला. अखेरीस ती नौका नसून पाकिस्तानी मासेमारांच्या जाळ्यास बांधलेला, स्थान कळविणारे यंत्र बसविलेला आणि वाहत आलेला बोया असावा, असे जाहीर करण्यात आले. आंग्र्यांच्या काळी दस्तकाशिवाय गलबत सापडे. येथे दस्तक खरे होते आणि गलबतच नव्हते.