सामाईक मालमत्तेतील थकबाकी आणि वसुलीची परंपरा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
मालमत्ता अनेकांची असताना एकाने आपला हिस्सा थकविला, तर त्याचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न नवा नाही. वाशीम, कारंजा, रिसोड येथील सदनिकाधारकापुढे तो देखभाल खर्चाच्या रूपाने उभा राहतो. त्याच्या आजोबांपुढे तो शेतसाऱ्याच्या रूपाने उभा होता. प्रस्तुत लेखात या दोहोंमधील कायदेशीर नात्याचा आढावा घेतला आहे.

शेतसारा व सहहिस्सेदार :
हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च निजामाकडून थकल्याने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी होऊन सर्व्हे नंबरनिहाय सारा ठरला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. परंतु साऱ्याचे तत्त्व टिकून राहिले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६८ नुसार संयुक्त भोगवटादार संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार असतात. म्हणजेच भावाने सारा थकविल्यास नियमित भरणाऱ्या भावाकडूनही तो वसूल होऊ शकतो. शासनाचे येणे त्यामुळे सुरक्षित राहते. मात्र प्रामाणिक हिस्सेदार दंडित होतो.

गृहनिर्माण संस्था :
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला. गृहनिर्माण संस्थेत प्रत्येक सभासदाचे देणे स्वतंत्र असते. तरीही पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे, पहारेकरी यांचा खर्च थांबत नाही. थकलेली रक्कम प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या वर्गणीतूनच भागविली जाते. यावर उपाय म्हणून संस्थेच्या अर्जावरून निबंधक चौकशीअंती वसुली दाखला देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद कलम १५४ब-२९ मध्ये आहे. दाखल्यातील रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. जे हत्यार शासनाने साऱ्यासाठी घडविले, तेच शेजाऱ्यांच्या संस्थेच्या हाती आले, ही बाब येथे विशेष लक्षणीय ठरते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० मध्ये मात्र मार्ग निराळा आहे. तेथे थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा त्या सदनिकेवरच बसतो.

निष्कर्ष :
साऱ्याच्या व्यवस्थेत एकाच्या चुकीसाठी सर्वांना धरले जाई. सहकारी व्यवस्थेत चूक करणाऱ्यालाच धरले जाते. हा बदल न्यायाच्या दिशेने आहे. परंतु जप्तीपर्यंत पोहोचणारा अधिकार वापरताना हिशोबाची वही, रीतसर मागणीपत्र व सभेचा ठराव यांची शिस्त संस्थेने पाळलीच पाहिजे. सभासदास आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी न मिळाल्यास, थकबाकी वसूल होईल, पण शेजारधर्म थकेल. त्याच्या वसुलीसाठी मात्र कोणताही दाखला मिळत नाही.