डोक्यावरचं क्रियापद

जेवायला बसलेला जपानी माणूस हात जोडतो, मान किंचित लववतो आणि म्हणतो, ‘इतादाकिमास’. ‘जेवायला सुरुवात करतो’ हा त्याचा अर्थ कामापुरता ठीक आहे. पण या शब्दाचं मूळ ताटात नाही, डोक्यावर आहे.

‘इतादाकी’ म्हणजे माथा, डोंगराचं शिखर. आणि ‘इतादाकिमास’ ज्या क्रियापदाचं रूप आहे ते ‘इतादाकु’ म्हणजे मुळात डोक्यावर ठेवणं, माथ्यावर धारण करणं. ज्या कांजीत, म्हणजे चिनी लिपीचिन्हात, ते लिहितात तिच्या उजव्या अंगालाही ‘डोकं’ या अर्थाचं चिन्ह आहे. शिखरावर बर्फ असलेल्या डोंगराचं वर्णन करताना आजही हेच क्रियापद येतं. शिकोकू बेटावरच्या ताकामात्सु शहरात फिरून मासळी विकणाऱ्या बायकांना ‘इतादाकी-सान’ म्हणतात. पूर्वी त्या मासळी डोक्यावर घेऊन दारोदार जात, त्यावरून हे नाव पडलं. पुढे साइडकार जोडलेल्या सायकली आल्या, डोक्यावरचं ओझं उतरलं. नाव मात्र तेच राहिलं. मला या शब्दाचा सगळ्यांत जिवंत पुरावा हाच वाटतो.

थोरांनी दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घेऊन कपाळापर्यंत उचलायची, ही तिथली जुनी रीत. आपण प्रसाद घेतो, अगदी तसंच. त्या हालचालीवरून ‘इतादाकु’ला ‘नम्रपणे स्वीकारणं’ हा अर्थ आला आणि पुढे खाणंपिणंही त्यात सामावलं.

हे मूळ एकदा कळलं की वापर चुकत नाही. डोकं आपलं लववायचं, म्हणून हे क्रियापद स्वतःपुरतं किंवा आपल्या माणसांपुरतं. सर जेवत असतील तर ‘मेशिआगारु’ म्हणायचं. मित्राकडून पेन मिळालं तर साधं ‘मोराउ’ पुरे.

मराठी माणसाला यातली एक रचना तर घरचीच वाटेल. ‘सेन्सेइ नि कांजी ओ ओशिएते इतादाइता’: सरांकडून कांजी शिकवून घेतली. ‘नि’ म्हणजे इथे ‘कडून’, ‘ओशिएते’ म्हणजे ‘शिकवून’, ‘इतादाइता’ हे ‘इतादाकु’चं भूतकाळी रूप, आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. फरक आहे तो त्या ‘घेतली’त. आपल्या ‘शिकवून घेतली’त घेणाऱ्याचा पुढाकार ऐकू येतो, ‘इतादाइता’त सरांनी दिलेली विद्या शिष्यानं कपाळाला लावलेली असते.