व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसाच्या पेशींना इजा होते का? समजून घ्या सोप्या भाषेत

कोरोनाच्या काळात 'व्हेंटिलेटर' हा शब्द घराघरात पोचला. हे मशीन जीव वाचवतं हे खरंच, पण चुकीच्या सेटिंगवर तेच मशीन आधीच दुखावलेल्या फुप्फुसाला आणखी इजा करू शकतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण एका सेटिंगवर इतकं अवलंबून असतं हे वाचलं, तेव्हा हा विषय तुमच्यासमोर मांडावासा वाटला.

फुप्फुसात नेमकं काय असतं?

फुप्फुसात कोट्यवधी बारीक वायुकोश असतात. त्यांच्या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात:

- टाइप १: अगदी पातळ. यांच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो.
- टाइप २: या सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ बनवतात. त्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत.

गंभीर न्यूमोनिया किंवा सेप्सिसमध्ये बऱ्याच वायुकोशांत पाणी भरतं. याला एआरडीएस म्हणतात. हवा घेणारा भाग इतका कमी उरतो की इटलीचे डॉक्टर गॅटिनोनी यांनी त्याला 'बेबी लंग' असं नाव दिलं.

इजा कशी होते?

१. जादा ताण: पूर्ण फुप्फुसाची हवा उरलेल्या छोट्या भागात गेली की तिथल्या पेशी ताणून फाटतात.

२. उघडमीट: प्रत्येक श्वासाला वायुकोश मिटतात आणि जोर लावून उघडतात. त्यात अस्तर सोलवटतं.

३. पेशींचा अलार्म: ताणलेल्या पेशी सायटोकाइन नावाचे सिग्नल सोडतात. सूज वाढते आणि ते रक्तातून किडनीसारख्या अवयवांपर्यंतही पोचू शकतात.

मग उपाय काय?

२००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला प्रत्येक श्वासात किलोमागे १२ मिली हवा, दुसऱ्याला ६ मिली. मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिजनचे आकडे १२ मिलीवाल्यांचे चांगले दिसत होते! म्हणजे स्क्रीनवरचा आकडा छान, पण आत पेशी मरतायत.

इथे 'किलो' म्हणजे काट्यावरचं वजन नाही, तर उंचीवरून काढलेलं. कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. १७० सेंमी उंचीच्या पुरुषाचं हे वजन ६६ किलो येतं, म्हणजे एका श्वासाला साधारण ४०० मिली.

यासोबत आणखी दोन गोष्टी करतात. श्वास सोडल्यावरही थोडा दाब शिल्लक ठेवतात, त्याला पीप म्हणतात. त्याने उघडमीट कमी होते. आणि आजार गंभीर असेल तर पेशंटला पालथं झोपवतात, म्हणजे ताण फुप्फुसभर सारखा वाटला जातो. २०१३ च्या फ्रान्स आणि स्पेनमधल्या अभ्यासात यामुळे २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले.

थोडक्यात

व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही, बरं व्हायला वेळ मिळवून देतो. घरचं कोणी व्हेंटिलेटरवर असेल तर फक्त ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत बसू नका. "टायडल व्हॉल्यूम उंचीनुसार ठेवलाय ना?" असं डॉक्टरांना नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.