कवटीचे चिन्ह आणि 'औषध' हा शब्द

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना, जिवती या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत पिकावर कीटकनाशक फवारण्याच्या क्रियेस 'औषध मारणे' असे म्हणतात. हा प्रयोग अर्थात याच भागापुरता नाही. तो मराठी मुलुखात सर्वत्र ऐकू येतो. गडचिरोलीच्या दक्षिण टोकास, सिरोंचाकडे, तेलुगू बोलली जाते. त्या भाषेतील 'मंदु' हा शब्दही वैद्याच्या औषधास आणि किडीवरील द्रव्यास सारखाच लागतो. परंतु याच औषधाच्या डब्यावर पुष्कळदा कवटी व दोन हाडे छापलेली असतात. शब्द एक सांगतो, चिन्ह दुसरेच.

या विसंगतीचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. 'तो औषध प्याला' हे वाक्य गावात कोणत्या अर्थाने उच्चारले जाते हे ज्यास ठाऊक आहे, तो असे म्हणणार नाही. ते द्रव्य विष आहे याचे पूर्ण ज्ञान बोलणाऱ्यास असते. मात्र ते ज्ञान क्रियापदाशी बांधलेले असते. प्याले तर विष, मारले तर औषध.

चिन्हाचा इतिहास पाहू गेल्यास तेही याच विभागणीतून घडले असल्याचे दिसून येते. कवटी व हाडे यूरोपात थडग्यांवर मृत्यूची आठवण म्हणून कोरली जात. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याने १८२९ मध्ये विषारी द्रव्यांच्या पात्रांवर 'विष' हा शब्द लिहिण्याची सक्ती केली; चित्र त्यामागून, शतकाच्या मध्याच्या सुमारास, बाटल्यांवर रूढ झाले. चुकीची बाटली कोणी तोंडाला लावू नये, एवढेच त्याचे प्रयोजन होते.

आपल्याकडील कायद्याचे मूळही खाण्यातून झालेल्या विषबाधेतच आहे. १९५८ मध्ये केरळात, वाहतुकीत पॅराथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या प्रकरणाच्या चौकशीनंतर १९६८ चा कीटकनाशके अधिनियम व १९७१ चे नियम आले. या नियमांनी टोकावर उभा केलेला एक चौकोन ठरवून दिला व त्याचे दोन त्रिकोण केले: खालच्यात रंग, वरच्यात शब्द. तांबड्या रंगावर कवटी व 'विष', पिवळ्यावर कवटीवाचून 'विष', निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान'. प्राण्याच्या दर किलो वजनामागे तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा प्राणघातक ठरत असेल तर तांबडा, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा, अशी ही मोजपट्टी आहे. त्वचेवाटे होणाऱ्या बाधेचे आकडेही त्याच कोष्टकात आहेत. परंतु दोहोंना रंग एकच असल्यामुळे विष कोणत्या वाटेने शिरेल हे डबा पाहणाऱ्यास कळत नाही. तांबड्या त्रिकोणासोबतच्या एका इशाऱ्याचा आरंभही 'गिळल्यास' याच शब्दाने होतो.

रंगांविषयी जाता जाता एवढेच म्हणतो की, रानाच्या वाटेवर शेंदूर फासलेल्या दगडापुढे हात जोडणाऱ्या समाजात तांबडा रंग केवळ भयाचा नसतो, आणि हिरवा तर कोठेच भयाचा नाही.

चित्र भाषेवाचून समजते हा समज किती फोल आहे, हे ज्या वर्षी आपले नियम झाले त्याच वर्षी इराकमध्ये दिसून आले. पारायुक्त द्रव्य चोळलेला बियाण्याचा गहू तेथे १९७१ च्या अखेरीस वाटला गेला. पोत्यांवर परकीय भाषेत सूचना होत्या, दाण्यांना तांबडा रंग दिलेला होता. लोकांनी रंग धुऊन टाकला व भाकरी केल्या. ६५३० रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले व त्यांपैकी ४५९ मरण पावले. रंग हे त्यांच्या दृष्टीने विषाचे चिन्ह नव्हते. रंग हेच विष होते, आणि तो धुतला की विष गेले.

विदर्भातील प्रसंग याहून निराळा आहे. वर्धा नदीपलीकडे, चंद्रपूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. यांतील कोणी ते द्रव्य प्याले नव्हते. वाढलेल्या कपाशीत शिरून फवारताना ते अंगावर व श्वासात आले. दोनतीन द्रव्ये एकत्र कालवलेली असत, आणि त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्याच डब्यावर असणे शक्य नव्हते. शिवाय मजुराच्या पाठीवर येतो तो पंप. डबा बांधावरच राहतो.

संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक चिन्हपद्धतीत नऊ चित्रे आहेत. त्यांत हातावर सांडणारे द्रव आहे, छातीवर तारा फुटलेली मनुष्याकृतीही आहे. त्यांत निदान शरीर तरी दिसते. पण हात भाजणे निराळे आणि हातातून विष भिनणे निराळे. हा भेद त्या चित्रांतही येत नाही.

मराठीत तो आहे. सर्पदंशाच्या या प्रदेशात विष पायातून 'चढते' हे लहान मुलासही ठाऊक असते; तेथे प्यायचा प्रश्न उद्भवत नाही. फवारणीची सूचना लिहिणाऱ्यास हे क्रियापद आयतेच उपलब्ध आहे.