साताऱ्याच्या बोर्डिंगातली भाकरी

शिक्षक मुलांना घडवतो, हे आपण दरवर्षी समारंभांतून ऐकतो. ते खोटे नाही. पण मुलेसुद्धा शिक्षकाचे घर बदलून टाकतात, ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. आज तुम्हांला तीच सांगायची आहे. गोष्ट साताऱ्याची आहे, आणि बरीचशी स्वयंपाकघरातली आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव तुम्हां सर्वांच्या परिचयाचे. जन्म १८८७ सालचा, कुंभोज गावी, एका जैन घराण्यात. कोल्हापुरास ते बोर्डिंगात राहून शिकत होते. १९०८ साली तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की, आधी आंघोळ करा आणि मगच जेवायला या. त्यांनी आंघोळ केली नाही. झाले, बोर्डिंगातून नाव कमी! पुढे त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही गेले नाही. ज्यांच्या संस्थेने हजारो पदवीधर तयार केले, ते स्वतः मॅट्रिकही नव्हते, ही गोष्ट आम्हां एम. ए. झालेल्या मंडळींनी अधूनमधून आठवावी.

मग पोटासाठी फिरती आली. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत हा माणूस खेडोपाडी हिंडला, आणि शाळेवाचून राहिलेली पोरे त्याने डोळ्यांनी पाहिली. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली, एका पंक्तीत जेवू लागली. आज हे सांगताना काहीच वाटत नाही. त्या काळी मात्र पाण्याच्या एका तांब्यावरून गाव दुभंगत होता.

आता खरी गोष्ट. भाऊरावांनी कोल्हापुरास आंघोळ नाकारली, ती त्यांच्या स्वतःच्या मनाने. पण लक्ष्मीबाईंचे काय? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या, देवाधर्मात वाढलेल्या. समाजसुधारणेचे व्याख्यान त्यांना कोणी दिले असेल, असे मला वाटत नाही. आणि दिले असते तरी त्याचा उपयोग किती झाला असता, याची शंकाच आहे. त्यांच्यापुढे आली ती व्याख्याने नव्हेत, तर पोरे. आरंभीच्या त्या दिवसांत घर वेगळे आणि बोर्डिंग वेगळे असे नव्हतेच. कोणाला ताप भरलेला, कोणाला आईची आठवण येऊन रडू फुटलेले. भुकेल्या पोराच्या ताटात भाकरी वाढताना त्याची जात किती दिवस आठवणार, सांगा बरं! ज्या बाई विटाळ मानत होत्या, त्याच त्या साऱ्या मुलांच्या आई झाल्या.

बोर्डिंगाचा संसार चालवायचा म्हणजे पैसा हवा. तो कधीच पुरला नाही. लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकामागून एक गेले. एकदा कोठीत दाणा उरला नाही आणि भाऊराव गावी नव्हते, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांना जेवू घातले. ही हकिकत सभेत सांगितली की टाळ्या पडतात. मला मात्र त्या टाळ्यांत थोडे अवघडल्यासारखे होते. सवाष्ण बाईने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे तुमच्या घरातल्या आजीला विचारा. सोन्याची किंमत त्यात सर्वांत थोडी होती. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. त्या बोर्डिंगातून पुढे केवढा वृक्ष वाढला, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

मुलेही नुसती जेवत नव्हती. पाणी भरणे, लाकडे फोडणे, दळणे, स्वयंपाक करणे, शेतात राबणे, ही सारी कामे तीच करीत. एकाने पीठ मळायचे, दुसऱ्याने भाजायचे आणि सर्वांनी खायचे. असा मुलगा सुटीत गावी गेल्यावर घरी आईला काय सांगत असेल, याचा विचार करा. त्याच्या त्या दोन शब्दांनी एकेका घरात काय खळबळ झाली असेल! १९२७ साली गांधीजी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. १९३५ साली संस्थेने खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. जी मुले भाकरीसाठी आली होती, त्यांच्यासारखीच मुले आता गुरुजी होऊन वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. मुलांनी अंगमेहनत करावी आणि फी न देता शिकावे, ही त्याची रीत.

याच बोर्डिंगात शेतकऱ्याचा एक मुलगा होता, पी. जी. पाटील. तो विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. मुंबईच्या हायकोर्टात त्याला काय कमी होते? पण तो परत आला तो संस्थेचा आजीव सेवक म्हणून, साताऱ्याच्या कॉलेजात शिकवायला. पुढे तो शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि भाऊरावांचे इंग्रजी चरित्रही त्याने लिहिले.

९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. तोवर त्यांच्या बोर्डिंगांतून जेवून उठलेली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वर्गांत फळ्यापुढे उभी होती.