प्राध्यापक आंबेडकर

आमच्या संग्रामपूरकडे गावोगावी तो पुतळा दिसतो. निळा कोट, काखेत पुस्तक, पुढे केलेलं बोट. चर्चा होते ती चौकाची, वर्गणीची, मिरवणुकीच्या रस्त्याची. त्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. ते लिहिण्याची तयारी या माणसाने कुठे आणि कशी केली, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. म्हणून आज बाबासाहेबांबद्दल, पण फक्त त्यांच्या मास्तरकीबद्दल.

‘करिअर’ म्हटलं की आपल्याला सरळ चढत जाणारा जिना दिसतो. घरातली पोट्टी आता अकोल्याला, पुण्याला शिकायला जातात तेव्हा आपण तोच जिना त्यांच्यापुढे ठेवतो. बाबासाहेबांचा जिना जागोजागी मोडलेला होता. कोलंबियात १९१५ ला एम.ए. झालं, १९१६ ला लंडन गाठलं. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना, म्हणून तीही सोडावी लागली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. हा अस्पृश्य मास्तर काय शिकवणार, असं सुरुवातीला मुलांना वाटे. पुढे दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये असा आक्षेप मात्र काही सहकाऱ्यांनी घेतलाच. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. गोड पाण्याच्या एका हंड्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. पण पाणी समोर भरलेलं असून ते घ्यायचं नाही, ही तहान वेगळीच. महाडचं चवदार तळं व्हायला तेव्हा अजून आठ-नऊ वर्षं होती.

याच नोकरीत असताना, जानेवारी १९१९ मध्ये, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. म्हणजे वर्गात अर्थशास्त्र आणि बाहेर ‘मत कोणाला असावं’ हा प्रश्न. मार्च १९२० ला नोकरी सोडली. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपये, एवढ्या बळावर पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., आणि सोबत बॅरिस्टरी.

आता गंमत बघा. त्यांच्या पदव्या बऱ्याचशा अर्थशास्त्राच्या, मग घटनेचा अभ्यास आला कुठून? माझ्या मते तो त्याच अर्थशास्त्रातून आला. १९२५ ला पुस्तकरूपाने छापलेला त्यांचा कोलंबियाचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. केंद्राकडे कोणता पैसा, प्रांताकडे कोणता, आणि हिशेब कोणी कोणाला द्यायचा? हा प्रश्न पैशाचा दिसतो, पण आहे सत्तेचा. संघराज्य म्हणजे शेवटी हेच ना?

आपला वऱ्हाड या बाबतीत अजब नमुना होता. कागदोपत्री निजामाचा, १९०२ पासून वर्षाला २५ लाखांवर इंग्रजांकडे कायमचा भाड्याने, आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. आपल्या पणजोबांची जमीन नेमकी कोणाच्या राज्यात, याचं सरळ उत्तर तेव्हाच्या वकिलालाही देता आलं नसतं! १९३५ च्या कायद्यातही वऱ्हाडासाठी वेगळी तरतूद करावी लागली होती. ‘नागरिक’ हा शब्द आपल्याला खऱ्या अर्थाने लागू झाला तो २६ जानेवारी १९५० ला.

पुढची नोकरी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात. १९२८-२९ मध्ये अर्धवेळ, आणि जून १९३५ पासून प्राचार्य. रमाबाई गेल्या त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा, १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ ला विधिमंडळ. १९३८ ला प्राचार्यपद सोडलं. कॉलेजांतली ही सगळी वर्षं जोडली तर पाच-साडेपाच भरतात. एवढीच.

पण त्यांचा सगळ्यात मोठा तास मला वाटतं ४ नोव्हेंबर १९४८ ला झाला. त्या दिवशी त्यांनी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडला. ते भाषण वाचताना राजकारणी माणूस दिसतच नाही, फळ्यापुढे उभा असलेला शिक्षक दिसतो. अमेरिकेची पद्धत अशी, इंग्लंडची अशी. एकीत स्थैर्य जास्त, दुसरीत जबाबदारी जास्त. आपण जबाबदारी निवडली, ती का? १९३५ च्या कायद्यातून बरंच उचललंय हा आरोप आला, तर त्यात लाज कसली, घटनेच्या मूळ कल्पनांवर कोणाची मालकी नसते, असं उत्तर. आणि एक इशारा: घटनेचा एक शब्दही न बदलता, नुसता कारभार बदलून तिचा आत्मा मारता येतो.

त्याच भाषणात त्यांनी खेड्यांना फार कडक शब्दांत झोडपलं आणि घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे हे चांगलं झालं, असं म्हटलं. गावाकडच्या माणसाला हे झोंबतं. मलाही झोंबलं. सभेतही अनेक जण नाराज झाले, आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम आलं (आजचं ४० वं), ते बाबासाहेबांनी स्वीकारलंही. पण गावाच्या विहिरी कशा वाटलेल्या होत्या हे आठवलं की त्यांचा राग कुठून येतो ते कळतं. आपण ज्याला ‘आमचं गाव’ म्हणतो ते सगळ्यांसाठी एकसारखं ‘आमचं’ कधी होतं?

स्वतःला धड नोकरी करता न आलेल्या या प्राध्यापकाने इतरांसाठी कॉलेजं मात्र काढली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. मोडका जिना चढून गेलेल्या माणसाने मागून येणाऱ्यांसाठी पायऱ्या बांधल्या, एवढंच म्हणतो.

असो. लांबलं बरंच. यंदा १४ एप्रिलला हार घालायला जाणार असाल तर आदल्या रात्री ते ४ नोव्हेंबरचं भाषण एकदा वाचा. घरातल्या पोरांनाही वाचायला द्या. पटलं नाही तर भांडा त्याच्याशी. मास्तरला ते हारापेक्षा जास्त आवडलं असतं.